स्पोर्ट्स कारचे मागचे बॉल जॉइंट आणि बुश घरी बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागचे जॉइंट झिजलेत हे गाडी चालवताना कसं कळतं?

बॉल जॉइंट म्हणजे चाक धरणाऱ्या आर्मच्या (दांड्याच्या) टोकाचा गोळ्याचा सांधा, आणि बुश म्हणजे आर्मच्या टोकाची रबर भरलेली नळी. ते झिजले की आवाजाआधी बहुतेक वेळा स्टिअरिंगमधून कळतं. मागची चाकं स्टिअरिंगला जोडलेली नसली, तरी गाडीची दिशा ठरवण्यात त्यांचा वाटा पुढच्या चाकांइतकाच असतो. लांब वळणात ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग किंचित सरकतो, परत दाबला की उलट सरकतो, आणि स्टिअरिंग सतत थोडं थोडं सावरावं लागतं. जोरात ब्रेक लावल्यावर मागचा भाग एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो. खड्ड्यावरची खटखट बऱ्याचदा यानंतर येते. मागच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या आधी गुळगुळीत झाली असेल, तरी संशय इथेच घ्यावा.

एवढ्याशा प्लेने (सांध्यातल्या ढिलेपणाने) इतका फरक कसा पडतो, ते आकड्यात पाहा. टो लिंकचा (चाकाचा टो, म्हणजे ते किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे, हे ठरवणाऱ्या दांडीचा) जॉइंट चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून १३० मिमीवर आहे असं धरू. तिथे १ मिमी प्ले आला, तर चाक जवळपास ०.४४ अंश मोकळं फिरतं. मागच्या चाकाचा नेमून दिलेला टोच पुष्कळ गाड्यांत ०.१ ते ०.२ अंश असतो. म्हणजे अलाइनमेंटच्या मशीनवर चाक बरोबर दिसेल आणि रस्त्यावर दर क्षणाला वेगळीकडे बघेल.

नेमका कुठला जॉइंट गेलाय हे कसं शोधायचं?

मागचं चाक उचला, वर-खाली धरा (घड्याळाच्या १२ आणि ६ वर) आणि आतबाहेर हलवा. मग डावी-उजवीकडे, ९ आणि ३ वर धरून तेच करा. १२-६ वर प्ले म्हणजे बॉल जॉइंट, वरच्या किंवा खालच्या आर्मचा बुश किंवा व्हील बेअरिंग. फक्त ९-३ वर प्ले असेल तर आधी टो लिंक बघा.

बेअरिंग की जॉइंट, हा घोळ सोडवायला एक सोपी युक्ती आहे. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेकमुळे डिस्क आणि कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग), पर्यायाने हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल (हबला आर्मशी जोडणारा धातूचा भाग) एकमेकांना जखडले जातात. प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर जॉइंट किंवा बुश.

त्यानंतर दुसऱ्याने चाक हलवायचं आणि तुम्ही प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं नकलवर आणि अर्धं आर्मवर. डोळ्याला न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा धक्का बोटाच्या टोकाला लगेच लागतो. बुशसाठी छोटी पहार वापरा. रबर थोडं दबणारच, तो दोष नाही. रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं असेल किंवा नळी एका बाजूला सरकून बसली असेल, तर बुश गेला.

यात एक गोष्ट सुटते. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल, तर चाक हवेत लोंबताना ती खालच्या बॉल जॉइंटला ताणून धरते आणि प्ले लपवते. अशा गाडीत जॅक खालच्या आर्मखाली लावून तो जॉइंट मोकळा करा आणि मग तपासा.

रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटलाय, पण प्ले नाही. नुसता बूट बदलला तर चालेल?

तो नुकताच, तुमच्याच हातून फाटला असेल तर चालेल. जुनं ग्रीस पुसून नवीन भरा आणि बूट चढवा. पण बूट कधी फाटला हे माहीत नसेल, तर दोन बोटांत थोडं ग्रीस चोळून पाहा. खरखर लागली किंवा रंग गंजाचा झाला असेल, तर आतला गोळा झिजायला लागलेला आहे. अशा जॉइंटवर नवा बूट चढवला तर धूळ आतच कोंडली जाते.

जॉइंट वेगळा बदलता येतो की पूर्ण आर्म घ्यावा लागतो?

तीन प्रकार असतात. दाबून बसवलेला, ज्याला बहुतेक वेळा सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असते. बोल्टने किंवा रिव्हेटने लावलेला. आणि आर्मचाच भाग असलेला, जो सुटा मिळत नाही. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्सटरचा शवपेटीच्या आकाराचा खालचा आर्म तिसऱ्या प्रकारात येतो. तिथे पूर्ण आर्म बदलणं हाच मार्ग.

आर्म पूर्ण मिळत असेल आणि तुमच्याकडे प्रेस नसेल, तर सुट्या जॉइंटचा आग्रह धरू नका. त्यातला बुशही तितकाच जुना असतो. त्याच श्रमात दोन्ही नवीन होतात.

एकच बाजू बदलू की दोन्ही?

बुश असतील तर दोन्ही. एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला मऊ रबर असेल, तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगळी वागते. बॉल जॉइंट फक्त एका बाजूचा अपघाताने किंवा बूट फाटून गेला असेल, तर एकच बदलायला हरकत नाही. नुसत्या वापराने झिजला असेल, तर दुसराही मागोमाग येतो, आणि अलाइनमेंट दोनदा करावी लागते.

रबर, पॉलियुरेथेन की रोज जॉइंट (रबर नसलेला, धातूच्या गोळ्याचा सांधा)?

रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ दर्जाचं रबर. कंपनीने काही बुश मुद्दाम एका दिशेला मऊ ठेवलेले असतात, म्हणजे ब्रेकच्या वेळी चाक ठरावीक दिशेला हलावं. सगळीकडे ताठ पॉलियुरेथेन घातलं तर तो हिशेब बिघडतो. पॉलियुरेथेन बुश आतल्या नळीवर फिरतो, त्यामुळे त्याला ग्रीस लागतं, तेही सिलिकॉनचं किंवा बुशसोबत आलेलं. ग्रीस संपलं की तो दाराच्या बिजागरीसारखा किरकिरतो. रोज जॉइंट ट्रॅकसाठी उत्तम, पण धूळ-पाण्यात तो लवकर झिजतो आणि रस्त्याचा प्रत्येक आवाज आत आणतो.

कोणती हत्यारं लागतात?

ट्रॉली जॅक, चार मजबूत जॅक स्टँड, पुढच्या चाकांसाठी चार ठोकळे, टॉर्क रेंच, लांब दांड्याचा पाना, सॉकेट आणि रिंग पाने, ॲलन की, स्क्रूचा बॉल जॉइंट पुलर, सी आकाराची बॉल जॉइंट प्रेस आणि तिच्या वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, सर्कलिप पक्कड, वायर ब्रश, गंज सोडवणारं तेल, पांढरा पेंट मार्कर, मोजपट्टी आणि कॅलिपर टांगायला जाड तार. दोन टोकांची चिमट्यासारखी पाचर जवळ असेल तरी ती फक्त फेकायच्या जॉइंटवर वापरा. ती बूट फाडतेच.

प्रेसच्या वाट्यांचं माप आधी तपासा. चाक काढल्यावर वाटी २ मिमी लहान निघाली तर काम तिथेच अडतं.

गाडी उचलताना काय सांभाळायचं?

मागचं काम म्हणजे हँडब्रेक कामाचा नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांवर असतो. मागच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. मागची चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे. ते दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून लावा.

जमीन सपाट आणि कठीण हवी. गाडी इतकी खाली असेल की जॅक शिरत नाही, तर आधी चाकं ४० मिमी जाडीच्या फळ्यांवर चढवा. व्हील नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मागच्या दोन्ही बाजू उचला आणि स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. मिड-इंजिन गाडीचं निम्म्याहून जास्त वजन मागे असतं, हे स्टँड निवडताना लक्षात ठेवा. स्टँड लावल्यावर गाडी दोन्ही हातांनी ढकलून पाहा. ती डोलली तर खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली तर हातसुद्धा घालू नका.

स्प्रिंगचा धोका किती?

रचनेवर अवलंबून. स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) एकत्र असतील तर स्प्रिंग त्यातच अडकलेली असते, तिला हात लावायची गरज नाही. फक्त वरचा मधला नट सोडू नका. निसान ३५०झेडसारख्या गाडीत मागची स्प्रिंग डॅम्परपासून वेगळी, खालच्या आर्मच्या खोबणीत दाबून बसलेली असते. तिथे आर्मचा बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक हवाच, आणि तो हळूहळू खाली घ्यायचा. कॉर्व्हेटला १९६३ पासून २०१९ पर्यंत मागे आडवी पात्याची स्प्रिंग होती. तिचा ताण सोडल्याशिवाय आर्म सोडायचा नाही.

पुष्कळ गाड्यांत चाकाला खाली पडण्यापासून डॅम्परच अडवतो. तो सोडला की सगळं वजन ब्रेकच्या नळीवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर येतं.

काहीही सोडण्याआधी काय मोजून ठेवायचं?

गाडी जमिनीवर, सपाट जागी, नेहमीइतकं पेट्रोल असताना चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि चाकाजवळच टेपवर लिहून चिकटवा. हा एक आकडा शेवटी सगळ्यात जास्त लागतो.

मग टो लिंकची लांबी, दोन्ही टोकांच्या मध्यापर्यंत. आटे नुसते मोजू नका, लांबी मोजा. १.५ मिमी पिचचा आटा एका फेऱ्याने चुकला तर वरच्या १३० मिमीच्या उदाहरणात टो जवळपास ०.६६ अंशाने बदलतो. एक्सेंट्रिक बोल्टची (जो फिरवून चाकाचा कोन जुळवतात त्याची) स्थिती पेंटने खूण करून ठेवा, डोक्याच्या बाजूला आणि वॉशरच्या बाजूला दोन्हीकडे. आणि फोटो काढा. कुठला बोल्ट कुठल्या दिशेने घातलेला होता, हे दोन तासांनी आठवत नाही.

कामाचा क्रम काय?

आदल्या दिवशी सगळ्या आट्यांना वायर ब्रश आणि गंज सोडवणारं तेल. दुसऱ्या दिवशी चाक काढा. एबीएसची वायर क्लिपमधून मोकळी करा. खूप गाड्यांत मागच्या आर्मला हेडलाइट लेव्हलची छोटी दांडी असते, ती अलगद सोडा, तिचं प्लास्टिक कडक झालेलं असतं. कॅलिपर काढून तारेने टांगा. ब्रेकची नळी उघडायची गरज पडत नाही.

नंतर अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या दांडीच्या) लिंक, दोन्ही बाजूंच्या. एकच सोडली तर दुसऱ्या बाजूकडून बार आर्मला ढकलत राहतो आणि बोल्ट भोकात अडकतो. मग नकलला जॅकचा आधार देऊन टो लिंक, मग बॉल जॉइंट, शेवटी आर्मचे आतले बोल्ट. नकल बाहेर झुकवताना ड्राइव्ह शाफ्ट ओढला जाऊ देऊ नका. शाफ्टच्या आतल्या टोकाचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, निखळला तर काम दुप्पट होतं.

एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरी उघडू नका. शंका आली तर बघायला ती जशीच्या तशी असते.

टेपर (जॉइंटच्या पिनचा कड्यात घट्ट बसलेला निमुळता भाग) सुटतच नाही. आता?

नट पूर्ण काढू नका, दोन फेरे राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होऊन आर्म उडतो, आणि तो नटच त्याला धरतो. पुलर लावून ताण द्या आणि थांबा. नकल लोखंडी असेल, तर ताण असतानाच पिन ज्या कड्यात बसली आहे त्याच्या बाजूवर हातोड्याचा एक खणखणीत घाव घाला. पिनच्या टोकावर नाही. कडं क्षणभर अंडाकृती होतं आणि पकड सुटते. दहा हलके घाव काही करत नाहीत, एक नेमका घाव करतो.

नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोडा बाजूला ठेवा. पुलरचा ताण ठेवून कड्याला हीट गनने गरम करा, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. ज्योत वापरू नका. मागे पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात, आणि ॲल्युमिनियम किती तापलं हे रंगावरून कळत नाही.

नट फिरवला की पिनही फिरते. काय करू?

पिनच्या टोकाला षटकोनी खाच असेल तर ॲलन की घालून पिन धरा आणि नट रिंग पान्याने फिरवा. खाच घासली गेली असेल किंवा नसेलच, तर जॅकने आर्म असा दाबा की टेपर कड्यात घट्ट बसेल. तो पुष्कळदा पिनला धरून ठेवतो. तरीही फिरत असेल तर नट चिरा. जॉइंट फेकायचाच आहे.

एक्सेंट्रिक बोल्ट हलतच नाही, किंवा फिरून परत जागेवर येतो.

दुसरं लक्षण नीट बघा. पाना ओढला की डोकं थोडं फिरतं, सोडला की रबर बँडसारखं मागे येतं. याचा अर्थ बोल्टचा दांडा बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला आहे आणि तुम्ही फक्त रबर पिळत आहात. जुन्या माझदा एमएक्स-५ च्या खालच्या आर्मचे आतले बोल्ट आणि नकलमधून जाणारा लांब बोल्ट यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

नट काढून तेल सोडा, मागेपुढे थोडं थोडं फिरवत राहा. तासाभरात सुटला नाही तर बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत बारीक पात्याच्या इलेक्ट्रिक करवतीने बोल्ट दोन्हीकडून कापा. ब्रॅकेटला पातं लागता कामा नये. म्हणूनच नवे बोल्ट, एक्सेंट्रिक वॉशर आणि नट आधीच आणून ठेवा. नवा बोल्ट घालताना दांड्यावर अँटी-सीझ लावा, आट्यांवर नाही.

जुना जॉइंट काढून नवा कसा दाबायचा?

सर्कलिप काढा. न काढता दाबायला गेलं तर भोकाची कड मोडते, ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते. प्रेसच्या स्क्रूला ग्रीस लावा. काढताना एक वाटी नकलच्या खांद्यावर टेकते, जॉइंट तिच्या पोकळीत उतरतो.

भोक वायर ब्रश आणि घासायच्या नायलॉन पॅडने साफ करा. सँडपेपरने घासून मोठं करू नका. नवा जॉइंट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला आणि नकल हीट गनने हाताला चटका बसेल इतकी तापवली, तर काम हलकं होतं. दाब जॉइंटच्या बाहेरच्या धातूच्या कडेवरच द्या, पिनवर किंवा झाकणावर कधीच नाही. पहिले २-३ मिमी हाताच्या पान्याने, चारही बाजूंनी बघत. तिरका जातोय असं वाटलं तर बाहेर काढून पुन्हा सुरू करा. पूर्ण बसला की स्क्रूचा जोर एकदम वाढतो आणि सर्कलिपची खाच पूर्ण दिसते. क्लिप खाचेत फिरते का ते पाहा.

जॉइंट नुसत्या हाताने आत गेला, तर भोक मोठं झालं आहे. चिकटद्रव लावून, पंच मारून किंवा वेल्डिंग करून तो बसवू नका. नकल बदला.

बुश बसवताना दिशा महत्त्वाची असते का?

रबरात पोकळ खाचा असतील तर हो. काढण्याआधी आर्मवर खाचांच्या समोर खूण करा आणि बुश कडेपासून किती बाहेर आहे ते मोजा. रबर जाळून काढायची पद्धत टाळा, धूर विषारी असतो. बाहेरची नळी आतून चिरा आणि आत दुमडा. नवा बुश साबणाच्या पाण्याने दाबा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबराला फुगवतं.

आर्मचे बोल्ट हवेतच पूर्ण आवळले तर काय होतं?

घरी केलेल्या कामात सगळ्यात जास्त बुश याच एका चुकीने मरतात.

रबरी बुशमध्ये काहीही घसरत नाही. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला चिकटते, बाहेरची आर्मला, आणि मधलं रबर पिळून हालचाल देतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबराची ‘आरामाची’ स्थिती ती लोंबलेली ठरते. आर्म ३५० मिमी लांब आणि चाक ८० मिमी खाली असेल, तर गाडी जमिनीवर ठेवताच प्रत्येक बुश जवळपास १३ अंश पिळला जातो आणि तसाच राहतो. गाडी उभी असतानासुद्धा. मागची उंची थोडी जास्त दिसते, आणि रबर लवकर फाटतं.

म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने घट्ट करा. मग जॅक नकलखाली लावून टेपवर लिहिलेलं अंतर येईपर्यंत उचला आणि तेव्हा टॉर्क द्या. उचलताना गाडी स्टँडवरून सुटत नाही ना, हे दर काही मिलिमीटरला बघा. हलकी गाडी पटकन सुटते. सुटत असेल तर चाकं लावून गाडी मजबूत रॅम्पवर उतरवा आणि तिथे आवळा. बॉल जॉइंटच्या टेपर नटला आणि स्वतःच्या नळीवर फिरणाऱ्या पॉलियुरेथेन बुशला हा नियम लागू नाही.

टॉर्क किती द्यायचा?

तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला. बोल्टच्या व्यासावरून अंदाज इथे चालत नाही, कारण ब्रॅकेट, नळी आणि टेपर प्रत्येकाचं गणित वेगळं आहे. दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही तेल लावलं, तर त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. टेपर आणि त्याचं भोक पूर्ण कोरडं, ग्रीस पुसलेलं हवं.

कॅसल नटची (वर खाचा असलेल्या नटची) खाच पिनच्या भोकासमोर आली नाही तर नट थोडा आणखी आवळा, मागे कधीच घेऊ नका. स्प्लिट पिन नवी. नायलॉनचे लॉक नट नवे. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंश सांगितले असतील, तर तो बोल्टही बहुधा एकदाच वापरायचा असतो. इम्पॅक्ट गन फक्त सोडायला. ग्रीस निपल असेल तर बूट फुगायला लागताच थांबा.

अलाइनमेंट लगेच करावी लागते?

हो, आणि त्याआधी वेगाने चालवू नका. खुणा तंतोतंत जुळवल्या तरी नव्या बुशमुळे चाकाची जागा बदलते. चारही चाकांची अलाइनमेंट घ्या, आधी मागची आणि मग पुढची. मागच्या दोन चाकांचा टो असमान असला तर गाडी तिरकी चालते आणि पुढे कितीही जुळवलं तरी स्टिअरिंग वाकडं राहतं. मागचं चाक बाहेर वळलेलं नसावं. असं चाक ब्रेकमध्ये आणि वळणात गाडीला अचानक फिरवू शकतं.

आधी मोकळ्या जागी २०-३० किमी वेगाने चालवा, हलके ब्रेक लावा, मग उतरून प्रत्येक नट आणि स्प्लिट पिन डोळ्याने बघा. ५० ते १०० किमीनंतर व्हील नटचा टॉर्क पुन्हा तपासा.

सगळं बदललं, तरी खटखट आहेच.

क्रमाने बघा: अँटी-रोल बारच्या लिंक, डॅम्परचा वरचा माउंट, ब्रेक पॅडच्या क्लिप, सबफ्रेमचे (आर्म ज्या चौकटीला लागतात तिचे) बुश, डिफरेन्शियलचे माउंट. फक्त ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना एकच ‘ठक्’ येत असेल तर शेवटच्या दोनांपासून सुरुवात करा. नवा आवाज असेल, जो आधी नव्हता, तर एखादा बोल्ट फक्त हाताने घट्ट करून राहिलाय. टॉर्क दिलेल्या प्रत्येक बोल्टवर लगेच पेंटची रेघ ओढली असेल, तर रेघ नसलेला बोल्ट टॉर्चच्या उजेडात दोन मिनिटांत सापडतो.